अम्मीच्या तीन अटी आणि किनाबालूचा डोंगर

अब्बा एसटीतनं रिटायर झाले त्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, आता काय करणार, तर ते म्हणाले डोंगर बघणार. असले नुसते घाट नव्हे (घाट त्यांनी तीस वर्षं बघितलेत), मोठा डोंगर, ढगात गेलेला. अम्मीनं तिथल्या तिथं तीन अटी घातल्या. गर्दी नको, चढ नको, आणि जेवायला बसल्यावर भीती नको.

तिसरी अट कुठून आली ते सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही नातेवाइकांबरोबर एका थंड हवेच्या ठिकाणी गेलेलो, पाच दिवस डाळ-भात, बिस्किटं आणि मॅगी. व्हेजचं काही वावडं नाही हो, घरी आठवड्यातले चार दिवस आमच्यात भाजी-भाकरीच असते, पण दर जेवणाला वेटरला हलाल आहे का, कशात शिजवलंय असे चार प्रश्न विचारायचे, त्यानं वैतागायचं, मग आपणच ओशाळून "राहू दे, दाल फ्राय दे" म्हणायचं, याचा कंटाळा येतो. अम्मी तर शेवटी शेवटी खोलीतच बसायची, भूक नाही म्हणून.

तर ही सप्टेंबर २०२३ ची गोष्ट. आम्ही पाच जण, मी, नवरा, चौथीतला मुलगा, अम्मी आणि अब्बा. अम्मीला शुगर, बीपी आणि गुडघे. अब्बा ठणठणीत, पण डोंगरावर चढू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी नव्हे, अम्मीनं सांगितलेलं. शोधता शोधता मलेशियातलं किनाबालू पार्क सापडलं. बोर्निओ बेटावर साबाह म्हणून राज्य आहे तिथं, डोंगर ४,०९५ मीटर, २००० साली जागतिक वारसा झालेलं नॅशनल पार्क. मलेशिया म्हणजे खाण्याचा प्रश्नच मिटला असं आम्हाला वाटलं. तो तितका मिटलेला नव्हता, पण ते पुढं.

तेव्हा व्हिसा लागत होता. मी कागदांची यादी काढून ठेवलेली आणि नोव्हेंबरच्या शेवटी बातमी आली की १ डिसेंबरपासून भारतीयांना ३० दिवसांसाठी व्हिसा नको. एक खर्च आणि एक डोकेदुखी कमी. पण पासपोर्ट तर पाहिजेच की, आणि अम्मी-अब्बांनी तो आयुष्यात काढलेला नव्हता. साठच्या वरच्यांना नव्या पासपोर्टच्या फीमध्ये १० टक्के सूट असते, म्हणजे १,५०० ऐवजी १,३५०. पोस्टातल्या सेवा केंद्रात ११ डिसेंबरची अपॉइंटमेंट मिळाली.

अब्बांचं वीस मिनिटांत झालं. अम्मीचं अडकलं ते एका अक्षरावर. तिच्या आधारवर नावापुढं 'बी' आहे, बँकेच्या पासबुकात नाही. आमच्याकडं जुन्या बायकांच्या नावात हा 'बी' कुठं चिकटलेला असतो, कुठं गळालेला, कुणी कधी लक्ष दिलेलं नसतं. खिडकीतल्या मुलानं शांतपणे सांगितलं की दोन्हीकडं एकच करून आणा. तो चुकीचं काहीच बोलला नव्हता, पण अम्मी परत येताना रिक्षात म्हणाली, "चाळीस वर्षं दोन्ही नावांनी रेशन घेतलं, कुणी विचारलं नाही." मग आधारवर दुरुस्ती, तिला तीन आठवडे, मग १८ जानेवारीची नवी अपॉइंटमेंट (फी पुन्हा भरावी लागली नाही, तीच चालली), मग पोलीस व्हेरिफिकेशन, आणि १२ फेब्रुवारीला स्पीड पोस्टानं पासपोर्ट हातात. घरात ज्येष्ठ माणसं असतील तर तिकिटाआधी, हॉटेलाआधी, सगळ्याच्या आधी त्यांच्या कागदांवरची नावं एकदा शेजारी ठेवून बघा. आणि ते इसीआरचं (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा शिक्का) ऐकून घाबरू नका. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर तो शिक्का पडतो आणि मलेशिया त्या यादीत आहे हे खरं, पण पन्नाशी ओलांडलेल्यांना तो लागत नाही, आणि तसंही ते कामाला जाणाऱ्यांसाठी असतं, फिरायला जाणाऱ्यांसाठी नाही. अम्मी सातवी पास, काही अडलं नाही.

तारखा ठरवताना रमजान बघावा लागला. १२ मार्चला पहिला रोजा, ११ एप्रिलला ईद. रमजानमध्ये जायचं तर दिवसभर अर्धी हॉटेलं बंद आणि आपणही रोजाचे, आराम कसला. मेअखेरीला, ३० आणि ३१ ला, साबाहमध्ये कामातान म्हणजे त्यांचा सुगीचा सण असतो, राज्यभर सुट्टी, होमस्टे सगळे भरलेले. ७ मेला आमच्याकडं लोकसभेचं मतदान, अब्बा ते सोडून कुठंही येणार नाहीत. राहिलं काय, तर ९ ते १८ मे २०२४. मुंबई–क्वालालंपूर–कोटा किनाबालू (साबाहची राजधानी) आणि परत, माणशी २९,५००. दोन महिने आधी काढली तिकिटं.

आता खाण्याचं.

मला वाटलेलं मुस्लिम देश आहे, डोळे झाकून खायचं. पण साबाह वेगळं आहे. तिथं मूळचे कादाझान-दुसून लोक मोठ्या संख्येनं आहेत, त्यातले बरेच ख्रिश्चन, चिनी लोक आहेत, आणि डोंगराच्या पट्ट्यात रानडुक्कर ही खास आवडीची गोष्ट. तांदळाची दारू घरोघरी गाळली जाते, ती स्वयंपाकातही घालतात. म्हणजे एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी हलाल आणि हलाल नसलेलं, आणि दोन्हीकडं तितक्याच प्रेमानं हाक मारून बोलावणारी माणसं.

रमजानमध्ये तरावीहनंतर, म्हणजे रात्रीच्या जादा नमाजीनंतर, झोप येत नाही, तेव्हा मी होमस्टेवाल्यांना व्हॉट्सअॅप करत बसायचे. त्यांच्याकडं आपल्यापेक्षा अडीच तास पुढं असतं, त्यामुळं उत्तर सहेरीच्या, म्हणजे रोजाआधी पहाटे खायच्या, वेळेला यायचं. सात ठिकाणी विचारलं. पहिल्या दोघांना मी नुसतं "हलाल फूड आहे का" विचारलं, दोघंही "येस येस". एकानं तर सर्टिफिकेटचा फोटो पाठवला, मोठा करून बघितला तर ते शेजारच्या रेस्टॉरंटचं आणि त्यावरची मुदत संपलेली. तिसऱ्याच्या बोर्डवर 'पोर्क फ्री'. मी खूश. नवरा म्हणाला, "अगं पोर्क फ्री म्हणजे डुक्कर नाही एवढंच, कोंबडी कुणी कापली आणि रश्श्यात काय ओतलं ते कुठं सांगितलंय?" बरोबर होतं त्याचं. मलेशियात सरकारी हलाल सर्टिफिकेट जाकिम म्हणून खातं आहे ते देतं, गोल चिन्ह, मध्ये आठ टोकांचा तारा. ज्याच्याकडं ते असतं तिथं दारू विकतच नाहीत. जाकिमच्या पोर्टलवर दुकानाचं नाव टाकून बघता येतं. पण गावातली साधी मुस्लिम खानावळ असते तिच्याकडं बहुतेक वेळा सर्टिफिकेट नसतंच, आपल्याकडं कुठल्या मटणवाल्याकडं असतं सांगा.

मग मी प्रश्न बदलले. तीनच विचारायचे. ज्या किचनमध्ये आम्ही स्वयंपाक करू तिथल्या भांड्यांत कधी डुक्कर शिजलंय का. तुम्ही देणार त्या नाश्त्यात दारू घातलेलं काही असतं का. आणि चालत जाण्याच्या अंतरावर मुस्लिम माणसाची खानावळ आहे का. एवढं विचारल्यावर चार उत्तरं आली आणि त्यातलं एकच खरं वाटलं. डोंगराजवळच्या कुंदासांग गावाशेजारच्या एका दुसून बाईंचं. त्यांनी लिहिलेलं, आम्ही ख्रिश्चन आहोत, आम्ही स्वतः डुक्कर खातो, पण पाहुण्यांचं किचन वेगळं आहे, तिथं मागच्या पाहुण्यांनी काय शिजवलं ते मला माहीत नाही, तुमच्यासाठी दोन भांडी नवीन आणून ठेवते, खानावळ दहा मिनिटांवर आहे. "मला माहीत नाही" हे वाचलं आणि मी तिथंच बुक केलं. चार रात्री, रात्रीला २६० रिंगिट, दोन खोल्या आणि किचन. तेव्हा एक रिंगिट साडेसतरा-अठरा रुपयांना पडत होता.

तरी अम्मीनं तीन लिटरचा कुकर, तवा आणि अर्धा किलो कांदा-लसूण मसाला बॅगेत भरलाच. मसाला चेक-इनमध्ये टाका, केबिन बॅगेत तेलकट लाल पूड घेऊन उभं राहू नका, एवढंच सांगते. औषधं मात्र उलट, ती हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

७ मेला सकाळी मतदान केलं आणि संध्याकाळी शाई लागलेल्या बोटानं मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरायला बसले. हे पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचं असतं आणि ते फुकट आहे. गुगलवर शोधलं की वरती भलत्याच साइट येतात, दिसायला अगदी सरकारी, शेवटी पैसे मागतात. मी एका साइटवर चार जणांची माहिती भरून झाल्यावर पाचव्याला बँकेच्या कार्डच्या नंबरचा रकाना दिसला तेव्हा जागी झाले. सगळं सोडून पुन्हा इमिग्रेशनच्या खऱ्या साइटवर, पाच जणांचं पहिल्यापासून. रात्रीचे साडेअकरा.

९ ला रात्री निघालो, १० ला सकाळी क्वालालंपूर, तिथं इमिग्रेशन, तिथून अडीच तासांचं विमान. आणि कोटा किनाबालूला उतरलो तर पुन्हा इमिग्रेशनची रांग! देशातल्या देशात विमान आलंय आणि पासपोर्ट मागतायत, अब्बांना वाटलं आपण चुकून तिसऱ्याच देशात आलो. तसं काही नाही, साबाहचं इमिग्रेशन वेगळं आहे, तिथं पुन्हा शिक्का पडतो. मी पासपोर्ट सगळ्यांत खालच्या बॅगेत टाकलेले, त्यामुळं आमच्यामागची माणसं पुढं गेली. पाऊण तास गेला.

त्या संध्याकाळी समुद्राकाठी फिलिपिनो मार्केटला गेलो. लोखंडी जाळ्यांवर मासे, धूर, टेबलं रस्त्यावरच. विकणारे बहुतेक मुस्लिम, आणि माशाला तर जबीहाचा, म्हणजे हलाल पद्धतीनं कापण्याचा, प्रश्नच नाही. अब्बा तिथं एक शब्द शिकले, 'ईकान बाकार'. ईकान म्हणजे मासा, बाकार म्हणजे भाजलेला. हॉटेलात छताला किब्ल्याचा, म्हणजे नमाजीच्या दिशेचा, बाण चिकटवलेला होता आणि बाथरूममध्ये पाण्याचा पाइप, अम्मी म्हणाली, "आता मला इथं कितीही दिवस ठेवा." दुसरा दिवस नुसता झोपण्यात आणि मशीद बघण्यात घालवला, मुद्दाम. ११ ला शनिवार होता आणि शनिवार-रविवारी कोटा किनाबालूची सगळी माणसं थंडीसाठी कुंदासांगला जातात. आम्ही रविवारी दुपारी निघालो तेव्हा खाली येणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली आणि वर जाणारा रस्ता मोकळा. हे साधलं तर बघाच.

अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास, दोन-अडीच तास. गाडी ड्रायव्हरसकट ३०० रिंगिट ठरवलेली. शेअर व्हॅन स्वस्त पडतात, पण भरल्याशिवाय सुटत नाहीत आणि अम्मीच्या गुडघ्याला ते जमलं नसतं. ड्रायव्हर कोटा बेलुदकडचा बाजाऊ (तिथला एक मुस्लिम समाज) मुलगा, अब्बांना पाकचिक म्हणजे काका आणि अम्मीला मकचिक म्हणजे काकू. वाटेतलं तामपारुली गाव सोडल्यावर चढ सुरू झाला आणि रस्त्याकडेला टपऱ्या लागल्या, पत्र्याचं छप्पर, खाली निखारे, वर लटकवलेले मांसाचे तुकडे, तो धूर आणि तो वास, खरं सांगते, तोंडाला पाणी सुटलं. अब्बांनी पाटी वाचली आणि ओरडले, "थांब थांब, बाकार! बाकार!" ड्रायव्हरनं गाडी हळू केली, पण थांबवली नाही. आरशात बघून म्हणाला, "पाकचिक, बाकार नाही, बाकास." सिनालाऊ बाकास. म्हणजे धुरावलेलं रानडुक्कर. एका अक्षराचा फरक. अब्बांनी काच वर केली, थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "एसटीत पण असंच असतं, वाडी आणि वाडा बघून बसावं लागतं." पुढचा अर्धा तास अम्मी तोंडाला पदर लावून हसत होती. तो मुलगा म्हणाला की त्याचे दुसून मित्र घरी जेवायला बोलावतात तेव्हा त्याच्यासाठी वेगळं काढून ठेवतात आणि त्याला विचारावंही लागत नाही.

कुंदासांगला पोचलो तर ढग खाली आलेले, डोंगर कुठं आहे तेच कळेना. घरमालकीणबाईंनी दोन नवीन पातेली दाखवली, स्टिकरसकट. स्टिकर मुद्दाम काढला नव्हता, म्हणजे आमची खात्री व्हावी म्हणून. अम्मीनं तो नखानं हळूच सोडवला, पातेलं धुतलं आणि त्यात पहिला चहा केला, तो त्या बाईंना दिला.

डोंगर दिसला तो दुसऱ्या दिवशी पहाटे. फजर तिथं पावणेपाचच्या सुमाराला. नमाज झाली आणि अम्मी शाल घेऊन गॅलरीत गेली आणि आतल्या कुणालाच हाक मारली नाही. मी उठून बघते तर ती कठड्याला दोन्ही हात धरून उभी, आणि समोर, अगदी समोर, काळाकरडा उघडा कातळ, वरती दातांसारखी टोकं, त्याच्यावर गुलाबी उजेड सरकत खाली येतोय. खाली कोबीचे वाफे, कुठं कोंबडा, बाकी आवाज नाही. मी म्हणलं, "अगं उठवायचं ना." ती म्हणाली, "थांब, आधी मला बघू दे." नऊ वाजता ढग आले आणि डोंगर गेला. चारही दिवस असंच. जे निवांत नाश्ता करून बाहेर पडतात त्यांना डोंगर दिसतच नाही, मग ते म्हणतात काय बघायचं तिथं.

अब्बा दुर्बीण घेऊन 'गाढवाचे कान' शोधत बसायचे. त्या टोकांना तेच नाव आहे, त्यातला एक कान ५ जून २०१५ च्या भूकंपात तुटला. त्या भूकंपात डोंगरावर १८ जण गेले. उतारावरच्या दरडींचे पांढरट ओरखडे अजून दिसतात.

१३ ला पार्कात. कार्यालय आणि पायवाटा दीड हजार मीटरच्या आसपास आहेत, शिखरावर जायचं तर वेगळं परमिट, गाईड सक्तीचा, वर एक मुक्काम, ते सगळं महिनोन् महिने आधी बुक करावं लागतं. आपल्याला ते नकोच होतं. नुसतं फिरायला गेटवर तिकीट काढलं की झालं, परदेशी लोकांना दर वेगळा. आतले डांबरी रस्ते चांगलेच चढाचे आहेत हे कुठं लिहिलेलं नसतं, म्हणून गाडी आतपर्यंत न्या. आम्ही गाडीनं टिंपोहोन गेटपर्यंत गेलो, जिथून चढाई सुरू होते, १,८६६ मीटर, तिथं फोटो काढून परत. मग सिलाऊ-सिलाऊ नावाच्या ओढ्याकाठच्या वाटेनं थोडं चाललो. ही वाट सोपी, सावलीची, पण ओली असते, काठी आणि चांगले बूट पाहिजेत. बोटॅनिकल गार्डनमध्ये कलशासारखी झाडं, किडे खाणारी, आणि ऑर्किड इतकी बारकी की गाईडनं भिंग दिलं. या एका डोंगरावर पाच हजारांच्या वर जातींची झाडं आहेत म्हणे. पोरानं एका किडेखाऊ कलशात डोकावून बघितलं आणि विचारलं, "याला हलाल-हराम असतं का?" गाईडला कळलं नाही ते बरं झालं.

दुपारी भूक लागली आणि आम्ही पार्काबाहेर एका चकचकीत रेस्टॉरंटमध्ये बसलो. बाहेर पोर्क फ्रीची पाटी, आत मेन्यूवर फोटो. 'सूप आयाम लिहिंग' असं एक होतं. आयाम म्हणजे कोंबडी हे माहीत झालेलं. आल्याचं गरम सूप, थंडीत अजून काय पाहिजे. लिहिंग म्हणजे काय ते मी सहज विचारलं, मला वाटलं पालेभाजी असेल. पोरगा हसून म्हणाला, "वाईन." तांदळाची वाईन, तीच त्या सुपाची खासियत. त्याचं काही चुकलं नाही, विचारलं तर त्यानं सांगितलं, पण पाटीवरचं काहीही खोटं नसताना आम्ही दारूचं सूप प्यायलो असतो. आम्ही माफी मागून उठलो. अम्मीचा चेहरा पुन्हा त्या जुन्या ट्रिपसारखा झाला, "मला भूक नाही" सुरू झालं.

मग घरमालकीणबाईंनी सांगितलेली ती दहा मिनिटांवरची खानावळ. हिजाबवाली मकचिक, ताटात भात, आणि समोर परातींमध्ये पंधरा प्रकार, बोट दाखवायचं की ती वाढणार. याला नासी चामपूर म्हणतात. तेव्हा माणशी ८ ते १२ रिंगिट, चहा २. ही मकचिक मलय असेल असं मी धरून चाललेले, तर ती दुसून निघाली, दुसून आणि मुस्लिम. शेजारच्या राणाऊ गावाकडं असे बरेच आहेत, एकाच घरात एक भाऊ मुस्लिम, एक ख्रिश्चन, तिच्या स्वतःच्या घरात तसंच. तिनं अम्मीला ताटात दोन गोष्टी फुकट वाढल्या. एक तुहाऊ, रानआल्याच्या कोंभांचं लोणचं, त्याला पावसाळ्यात अंगावर बसणाऱ्या त्या हिरव्या किड्याचा वास येतो, अब्बांनी ताट सरकवलं. दुसरी बामबांगान. अम्मीनं चाखलं आणि लगेच म्हणाली, "आंबा आहे. रायवळ." रानआंब्याचंच लोणचं होतं, कोय किसून घातलेली. कोय किसून घालायची ही गोष्ट अम्मीला फार आवडली, ती मकचिकला हातवारे करून विचारत होती, किती दिवस मुरवायचं, मीठ किती, आणि मकचिक बोटं मोजून सांगत होती. दोघींना एकमेकींची भाषा ढिम्म कळत नव्हती. अम्मीनं दोनदा भात घेतला. पुढचे तीन दिवस दुपारचं जेवण तिथंच.

तिथं गेलात तर थोडे शब्द पाठ करून जा, इंग्रजी सगळीकडं चालत नाही. आयाम कोंबडी, ईकान मासा, सायूर भाजी, तेलूर अंडं, बाबी म्हणजे डुक्कर, बाकास रानडुक्कर, आराक दारू. 'कुरांग मानिस' म्हणजे साखर कमी, शुगरवाल्यांनी हे आधी शिकावं, कारण तिथला चहा कंडेन्स्ड मिल्कचा असतो आणि पहिल्या दिवशी अम्मीची शुगर २४० गेली.

१४ ला काहीच केलं नाही. हा दिवस कागदावर रिकामा ठेवताना नवरा म्हणत होता की इतके पैसे घालून नुसतं बसायचं का, पण तोच दिवस सगळ्यांना आवडला. बाजारातून कोबी, फरसबी, टोमॅटो आणले, राणाऊच्या सुपरमार्केटमधनं जाकिमच्या चिन्हाची कोंबडी आणली, आणि अम्मीनं नवीन पातेल्यात कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा केला. आजूबाजूची कुत्री गोळा झाली. दुपारी पाऊस, तो रोजच. संध्याकाळी वॉर मेमोरियलला जाऊन आलो, १९४५ मध्ये सांडाकानहून इकडं चालवत आणलेल्या ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश कैद्यांचं, त्यातले फक्त ६ वाचले. अब्बा तिथं भिंतीवरची नावं वाचत बराच वेळ उभे होते.

१५ ला पोरिंग, गरम पाण्याचे झरे, तासाभराच्या रस्त्यावर. टाक्या उघड्यावर आहेत आणि एक भरायला अर्धा तास लागतो, आधी नळ सोडून मग इकडंतिकडं फिरा. पूर्ण कपड्यात पाय सोडून बसता येतं, बायकांना अडचण वाटू नये म्हणून सांगते. कपडे बदलायला जागा आहे. अम्मीनं गुडघ्यापर्यंत पाय बुडवून तासभर काढला. जवळच रस्त्याकडेला हातानं लिहिलेली पाटी दिसली की राफ्लेशिया फुललंय, माणशी ३० रिंगिट, कुणाच्या तरी परसात. पाच-सात दिवसच टिकतं ते फूल, त्यामुळं पाटी दिसली की थांबायचं, उद्या बघू म्हणलं तर उद्या ते काळं पडलेलं असतं. घमेल्याएवढं, लाल, पांढरे ठिपके. वाटेत एका नदीत मासे येऊन पायाचं मरलेलं कातडं खातात, गावानं तिथं मासेमारीला बंदी घातलीय, त्याला तागाल म्हणतात. माझा मुलगा पाण्यात पाय टाकला की किंचाळायचा. अब्बा मात्र शांत बसून होते, म्हणाले, "आयुष्यभर आम्ही यांना खाल्लं, आता त्यांची पाळी."

१६ ला खाली, १७ ला शुक्रवार, अब्बा आणि नवऱ्यानं जुमा सिटी मशिदीत पढला, पाण्याकाठची निळ्या घुमटाची मशीद, आणि संध्याकाळचं विमान. सगळा मिळून खर्च पाच जणांचा अडीच लाखाच्या आसपास गेला, त्यातला निम्म्याच्या वर विमानाचा. जेवणाचे सगळे मिळून ११०० रिंगिट. छोट्या दुकानांत कार्ड चालत नाही, रोख जवळ ठेवा.

उरलेला मसाला अम्मीनं घरमालकीणबाईंना देऊन टाकला, बाटलीत भरून, वर मी चिठ्ठी चिकटवली की एका वेळी एकच चमचा. जूनमध्ये त्यांचा मेसेज आला. लाल पावडर संपली, अजून कशी मिळेल, घरात सगळ्यांना फार आवडली, आम्ही ती आयाम लिहिंगमध्ये घालतो. मी अम्मीला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. हात थांबवून एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी अर्धा किलो जास्त घेऊ. कशात घालतात ते मी ऐकलं नाही."